खाऱ्या पाण्याला वाट हवी



आपल्या गावांतली कितीतरी मुले नोकरीसाठी आखाती देशांत गेली आहेत. त्या आखाताच्या पाण्याची गोष्ट आज सांगतो. ती तुमच्या क्षारपड रानाच्या कामाची आहे.

इराण आणि अरबस्तान यांच्यामधले हे पर्शियन आखात उथळ आहे; सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. ऊन कडक, पाऊस जेमतेम. वर्षाला दीड मीटरहून अधिक पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहते. नद्यांच्या पाण्याने ही तूट भरत नाही. मग या आखाताचे मिठागर कसे झाले नाही?

उत्तर आखाताच्या तोंडाशी, होर्मुझच्या सामुद्रधुनीत आहे. बाहेरच्या समुद्राचे कमी खारे, हलके पाणी वरून आत येते. आटून जड झालेले खारे पाणी तळाशी बसते आणि खालच्या अंगाने अरबी समुद्राकडे निघून जाते. तोंड एकच, वरून आवक, खालून निचरा.

हे मोजले कसे? १९९६ ते १९९८ या काळात शास्त्रज्ञांनी तिथे पाण्याखाली यंत्रे नांगरून ठेवली. यंत्र आवाज सोडते. तो पाण्यातल्या बारीक कणांवर आदळून परत येतो. एस.टी. जवळ येताना भोंगा चढा लागतो, लांब जाताना उतरता. तशाच चढ-उतारावरून पाण्याच्या प्रत्येक थराचा वेग आणि दिशा कळते. खारेपणा कळतो तो पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून. तुमच्या मातीचे क्षारही प्रयोगशाळेत याच रीतीने मोजतात. हिशेब निघाला : तळातून सेकंदाला सुमारे १५ कोटी लिटर खारे पाणी बाहेर पडते.

आता आपल्या रानाकडे पाहा. कालव्याच्या पाण्यातही थोडे क्षार असतात. पाणी पीक पिते, ऊन ओढते, क्षार उरतात. जमिनीवर पांढरा थर आला, की पुष्कळजण आणखी पाणी सोडतात. नोकरीच्या सुरुवातीला मीही एका शेतकऱ्याला तोच सल्ला दिला होता. रानाला चर नव्हता. खालचे पाणी वर चढले आणि दोन वर्षांत ऊस गेला. त्या माणसाने मला शब्दाने दुखवले नाही, पण ते रान मी विसरलेलो नाही.

म्हणून आधी माती तपासा. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्यापर्यंत चर काढा. पाणी त्यानंतर सोडा. एवढ्या मोठ्या आखाताचेही निचऱ्यावाचून भागत नाही. आपले एकरभर रान कसे तगेल?