खुब्याचे हाड आणि नोंदीची वही

म्हातारे माणूस मोरीत पाय घसरून पडते. उठवले तरी उभे राहता येत नाही. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळते. खुब्याशी हाड मोडले की बहुधा असेच होते. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. साध्या पडण्यानेही ती मोडतात.

तरण्या माणसाचे हाड मोडले तर ते महिना-दोन महिने पडून राहते आणि बरे होते. म्हाताऱ्यांचे तसे नसते. पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, अन्न जात नाही, भ्रम होतो. पुष्कळदा जीव जातो तो हाड मोडल्याने नव्हे, पडून राहिल्याने. म्हणून शस्त्रक्रिया लवकर व्हावी आणि दुसऱ्याच दिवशी रोग्याला आधार देऊन उभे करावे, असे डॉक्टर सांगतात.

मग अडते कुठे? डॉक्टरांना ठाऊक असूनही उशीर का होतो? इंग्लंडात हाच प्रश्न पडला होता. तिथे मोठमोठी इस्पितळे आहेत, यंत्रे आहेत. तरीही म्हाताऱ्या रोग्याची पाळी मागे पडे. आज नाही, उद्या बघू, असे होई. ‘आमच्याकडे सगळे वेळेवर होते’ असे प्रत्येक इस्पितळाला वाटे. पण वाटणे निराळे आणि मोजणे निराळे.

शाळेतला हजेरीपट तुम्ही पाहिला असेल. एक मूल एक दिवस आले नाही, तर गुरुजींच्या ध्यानात राहते. पण दर बाजाराच्या दिवशी पंधरा मुले गैरहजर असतात, हे हजेरीपट उलगडून पाहिल्यावरच कळते. एकेक रोगी पाहून दिसत नाही, ते शंभर रोग्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की दिसते.

अशी नोंद स्वीडन देशाने १९८८ साली सुरू केली. इंग्लंडात ती २००७ साली सुरू झाली. हाडांचे डॉक्टर आणि वृद्धांचे डॉक्टर, या दोघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली. तिचे नाव ‘नॅशनल हिप फ्रॅक्चर डेटाबेस’. म्हणजे खुब्याचे हाड मोडलेल्या रोग्यांची देशभराची नोंदवही. ही वही कागदाची नाही, संगणकातली आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथल्या, साठीच्या पुढच्या सुमारे सत्तर हजार रोग्यांची नोंद तिच्यात दरवर्षी होते.

वहीत काय लिहितात? प्रश्न साधेच आहेत. रोगी किती वाजता आला? शस्त्रक्रिया किती वाजता झाली? वृद्धांच्या डॉक्टरांनी तपासले का? दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवले का? पाठीला जखम झाली का? पुन्हा पडू नये म्हणून काय केले? तीस दिवसांनी रोगी हयात आहे का?

खरी गोष्ट पुढेच आहे. ही उत्तरे कपाटात कुलूपबंद राहत नाहीत. कोणत्या इस्पितळात काय चालले आहे, ते नावानिशी सर्वांना पाहता येते. शेजारच्या इस्पितळात शस्त्रक्रिया वेळेवर होते आणि आपल्याकडे होत नाही, हे दिसले की माणसे कामाला लागतात. २०१० सालापासून इंग्लंडच्या सरकारने आणखी एक गोष्ट केली. छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि ठरलेली बाकी काळजी घेतली, तर त्या रोग्यामागे इस्पितळाला जादा पैसे मिळू लागले.

फळ काय मिळाले? २००७ साली शंभरातल्या सुमारे ५५ रोग्यांची शस्त्रक्रिया लवकर होत होती. २०११ साली सुमारे ७१ जणांची होऊ लागली. तीस दिवसांच्या आत दगावणारे रोगी हजारी १०९ होते, ते ८५ वर आले. मरणाचे प्रमाण आधीही थोडेथोडे उतरत होते. पण वही सुरू झाल्यावर उतरण्याचा वेग सुमारे चौपट झाला. हजारामागे चोवीस माणसे. म्हणजे चोवीस घरचे आजी-आजोबा.

पण आकडा वाचायलाही शिकावे लागते. एका इस्पितळात नव्वदीचे, आधीच आजारी असलेले रोगी जास्त येतात. तिथे मरण जास्त दिसले, म्हणून तिथले डॉक्टर वाईट असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून वय, आजार, आधीची चालण्याची ताकद हे सारे हिशेबात धरूनच तुलना करतात. आणि नोंद खोटी लिहिली, तर वही नसलेली बरी.

दुसरे असे की, वही काही शस्त्रक्रिया करीत नाही. २०२० नंतरच्या वर्षांत तिथे वेळेवर होणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पुन्हा घसरले. शस्त्रक्रियेची खोली आणि माणसे अपुरी पडली, तर वही ती आणून देत नाही. पण घसरण झाली हे लपून राहिले नाही. दुखणे कुठे आहे ते कळले, तरच औषध देता येते.

वाचकहो, तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. घरचे म्हातारे माणूस पडले आणि उठता येईना, तर पाय ओढू नका, चोळू नका. लगेच इस्पितळात न्या. जवळ एक कागद ठेवा. किती वाजता पडले, किती वाजता दाखल केले, डॉक्टर काय म्हणाले, ते त्यावर लिहा. मग आदराने विचारा, ‘डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रिया कधी करणार? आमच्या आईला उठवून कधी बसवणार?’ विचारण्यात उद्धटपणा नाही. तोंडी बोललेले विसरते, लिहिलेले राहते.