गावकी (भोर व वेल्हे तालुके)

गावकी म्हणजे गावाच्या सामाईक बाबींचा निर्णय करणारी, रूढीने चालत आलेली ग्रामस्थांची व्यवस्था होय. जत्रेची तारीख, देवस्थानाची वर्गणी, मानपान, पाणवठा, गायरान, रस्ता, भाऊबंदकीतील तंटे आणि अलीकडच्या काळात निवडणुकीतील उमेदवारी असे विषय गावकीपुढे येतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे (राजगड) या डोंगराळ तालुक्यांत कायद्याने स्थापन झालेल्या ग्रामपंचायतीबरोबरच गावकी टिकून आहे. नेतृत्व, समाज व रूढी यांविषयी येथील माणसे काय मानतात, हे पाहण्याचे ती एक महत्त्वाचे साधन आहे. एका कुळातील माणसांच्या अशाच व्यवस्थेला ‘भावकी’ म्हणतात. गावकी ही बहुधा अनेक भावक्यांची बनलेली असते.

प्रदेश

हा प्रदेश सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील मावळ खोऱ्यांचा आहे. भोर तालुक्यात रोहिड खोरे, हिरडस मावळ व वेळवंड खोरे, तर वेल्हे तालुक्यात गुंजण मावळ व कानद खोरे हे जुने विभाग येतात. राजगड व तोरणा हे किल्ले वेल्ह्यात असून रोहिडा किल्ला व रायरेश्वराचे पठार भोरमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका आहे. गावे लहान, वाड्या विखुरलेल्या आणि पावसाळ्यात वाटा अवघड. त्यामुळे शेजाऱ्यावाचून कोणाचेच चालत नाही. गावकीचा शब्द मोडणे येथे कठीण का जाते, याचे एक कारण या भूगोलातच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिवपूर्वकाळापासून मावळातील सत्ता वतनदार देशमुखांच्या हाती होती. रोहिड खोऱ्यात जेधे व खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर आणि कानद खोऱ्यात मरळ ही घराणी प्रमुख होती. कारी गावचे कान्होजी जेधे यांनी छत्रपती शिवाजी महाराजांना दिलेली साथ आजही या भागात अभिमानाने सांगितली जाते. गावपातळीवर पाटील व कुलकर्णी कारभार पाहत आणि बारा बलुतेदार आपापली सेवा देत. या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात आढळते.

पुढे हा मुलूख मोठ्या प्रमाणावर पंतसचिवांच्या भोर संस्थानात समाविष्ट झाला. राजाराम महाराजांच्या काळातील सचिव शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष होत. १९४८ साली भोर संस्थान तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. राजा गेला, तरी वाडा, दरबारी उत्सव आणि ‘संस्थानच्या काळी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या आठवणी राहिल्या. पूर्वीच्या शिस्तीची आठवण काढणारे आणि वेठ व सारा विसरू न शकणारे, अशा दोन्ही सुरांत त्या सांगितल्या जातात.

वतनांचा शेवट कायद्याने झाला. कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा कायदा १९५८ साली झाला आणि त्यात महार वतनाचाही अंत झाला. या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० च्या दशकापासून झगडत होते, कारण वतनाच्या नावाखाली एका समाजाला साऱ्या गावाचे राबणूक-काम तुटपुंज्या मोबदल्यात करावे लागे. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकीही संपुष्टात आली. आजचा पोलीस पाटील हा १९६७ च्या कायद्यानुसार नेमलेला असतो. बोलीभाषेत मात्र ‘पाटील’ हा शब्द आदरवाचक म्हणून कायम आहे.

गावकी व ग्रामपंचायत

ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. राज्यघटनेतील ७३ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आल्यावर ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदाराला बसण्याचा व बोलण्याचा हक्क आहे, तेथे ठराव लिहिला जातो आणि त्याची प्रत मागता येते. गावकी देवळाच्या सभामंडपात किंवा पारावर भरते. तेथे बहुधा घरातील कर्ता पुरुष बसतो आणि निर्णय तोंडी होतो.

दोन्हींची माणसे पुष्कळदा तीच असली, तरी अधिकाराचा उगम वेगळा आहे. ग्रामपंचायतीचा अधिकार कायद्यातून येतो, तर गावकीचा शरमेतून, आदरातून आणि परस्परांवरील गरजेतून. लग्नकार्यात मांडव घालण्यास, अंत्यविधीस, भात लावणीस व अडीअडचणीस गाव धावून येते. ते धावून येणार नाही ही भीतीच गावकीचा खरा दंड असतो. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण या बळाचे वर्णन करते. मात्र हे बळ दुबळ्याच्या पाठीशीही उभे राहू शकते आणि त्याच्यावर उगारलेही जाऊ शकते.

नेतृत्वाविषयीचे लोकमत

या भागातील सामान्य बोलण्यात पुढाऱ्याची पारखणी दोन-तीन ठरावीक प्रश्नांनी होते. तो हाकेला येतो का, मयतीला व लग्नाला हजर असतो का आणि त्याचे काम तालुक्याच्या कचेरीत होते का? दवाखान्यात खाट मिळवून देणारा, दाखला काढून देणारा, रस्त्याचे खडीकरण आणणारा तो ‘आपला’ माणूस. पुढाऱ्याला दादा, भाऊ, अण्णा, आप्पा, ताई अशा नात्याच्या नावाने संबोधले जाते. नाते जोडले की मागणे सोपे होते. त्याचबरोबर जाब विचारणे अवघड होते, कारण वडीलधाऱ्याला हिशेब मागणे रीतीला धरून मानले जात नाही.

घराण्याच्या नेतृत्वाविषयीचे मतही असेच दुहेरी आहे. भोर विधानसभा मतदारसंघात सध्या भोर, वेल्हे व मुळशी हे तालुके येतात. त्याचे प्रतिनिधित्व अनंतराव थोपटे यांनी अनेकदा, तर त्यांचे पुत्र संग्राम थोपटे यांनी २००९, २०१४ व २०१९ च्या निवडणुकांनंतर केले. १९९९ साली काशिनाथ खुटवड आणि २०२४ साली शंकर मांडेकर हे येथून निवडून आले. लोकसभेसाठी हा भाग बारामती मतदारसंघात मोडतो. एकाच घराकडे दीर्घकाळ सत्ता राहिल्यास ‘माहितीचे घर आहे’ असे समर्थन आणि ‘दुसऱ्याला कधी संधी मिळणार’ अशी तक्रार, ही दोन्ही वाक्ये कधीकधी एकाच पारावर ऐकू येतात. मतदार वेळ आल्यावर निकाल बदलतात, हे वरील नोंदीवरून दिसते.

बिनविरोध निवडणूक

ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करण्याकडे गावकीचा कल असतो. खर्च वाचतो, भाऊबंदांत वैर होत नाही आणि गावाची एकी दिसते, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. या कारणांत तथ्य आहे. लहान गावात एका निवडणुकीची अढी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकते.

दुसरी बाजू अशी की, बिनविरोध निवडीत मत कोणाचे विचारले गेले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. बैठकीत न बसणाऱ्या स्त्रिया, अल्पसंख्य जातींची घरे व तरुण यांचा नकार नोंदवला जात नाही. काही ठिकाणी ही प्रथा सरपंचपदाच्या लिलावापर्यंत गेली. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणावरून रद्द केल्या. देवळासाठी पैसा जमतो म्हणून लिलाव योग्य ठरत नाही, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले.

स्त्रियांचा सहभाग

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. आरंभी पुष्कळ गावांत सरपंच बाईंच्या नावावर पती किंवा दीर कारभार पाहत. त्यांना उद्देशून ‘सरपंचपती’ हा उपहासाचा शब्द मराठीत रूढ झाला. बचत गटांमुळे स्त्रियांना बँकेत, पंचायत समितीत व सभेत बोलण्याची सवय लागली आणि पाणी, शाळा, दारूबंदी हे विषय ग्रामसभेच्या पटलावर अधिक ठळकपणे आले. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच हेतूने करण्यात आली आहे. गावकीच्या बैठकीत मात्र स्त्रियांची उपस्थिती अद्याप तुरळक आढळते.

जत्रा, मानपान व रूढी

गावकीचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे ग्रामदैवताची जत्रा. घरटी पट्टी बसवली जाते, पालखी व छबिना निघतो, कुस्त्यांचा फड होतो. मुंबई-पुण्यात राहणारी माणसे जत्रेला आवर्जून येतात. शहरातील ग्रामस्थ मंडळे देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी वर्गणी देतात आणि त्यामुळे निर्णयातही वाटा मागतात. गावात राहून रोजचे सोसणारे आणि वर्षातून दोनदा येऊन पैसा देणारे यांच्यातील मतभेद हा अनेक गावांचा नित्याचा विषय आहे.

पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, हा मान वंशपरंपरेने ठरतो. जुन्या घरांना तो पूर्वजांच्या सेवेची खूण वाटतो, तर ज्यांच्या वाट्याला पूर्वी केवळ सेवाच आली त्यांना तो वतनाचा उरलेला अंश वाटतो. पाळीपाळीने मान देणे किंवा सर्व समाजांच्या प्रतिनिधींना पालखीपुढे उभे करणे, असा तोडगा काढता येतो.

भोरच्या दक्षिणेस, सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईचे देवस्थान आहे आणि भोरकडूनही तेथे भाविक जातात. २५ जानेवारी २००५ रोजी तेथील यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर न्यायमूर्ती राजन कोचर आयोगाने चौकशी केली. यात्रेच्या व्यवस्थेत बदल झाले व मंदिर परिसरातील पशुहत्येस मनाई करण्यात आली. देवावरील श्रद्धा न सोडता रूढीची पद्धत बदलता येते, याचे हे जवळचे उदाहरण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी, भानामती यांच्या नावाने कोणा स्त्रीस वा कुटुंबास छळणे हा आता गुन्हा आहे.

गावकीचा सर्वांत कठोर उपाय म्हणजे वाळीत टाकणे. अशा कुटुंबाशी बोलणे, त्याला किराणा देणे, त्याच्या मयतीला जाणे बंद केले जाते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली संमत होऊन जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. जात पंचायतीप्रमाणेच गावकीच्या अशा निर्णयालाही कायद्याचा आधार नाही.

याउलट, गावाचे एकमत सुधारणेसाठीही वापरता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा आधारही गावातील सामोपचाराची हीच जुनी सवय होता.

पाणी व जमीन

या तालुक्यांत राज्यकर्त्यांविषयीचे मत बनवण्यात पाण्याचा वाटा मोठा आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाची साठवण क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी आहे. त्याशिवाय नीरा-देवघर, गुंजवणी व पानशेत ही धरणे याच भागात आहेत. भाटघरचे पाणी नीरा कालव्यांतून पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण या सखल भागांत जाते. पानशेतचे पाणी पुणे शहराकडे जाते. धरणाच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण आमचे, पाणी दुसऱ्याचे’ ही भावना पक्षभेदापलीकडची आहे.

पुणे शहर जवळ आल्याने जमिनीचे भाव वाढले. या तालुक्यांचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येतो. सामाईक सातबाऱ्यावरील जमिनीच्या विक्रीने भावकीत नवे तंटे निर्माण झाले. ते पारावर मिटत नाहीत, दिवाणी न्यायालयात जातात. डोंगरकड्यावरील धनगर वाड्या व महादेव कोळी वस्त्या यांचे चराई आणि वनहक्काचे प्रश्न याहून वेगळे आहेत आणि गावकीत त्यांना पुरेसे स्थान मिळतेच असे नाही.

नामांतर

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. तत्पूर्वी तालुक्यातील ग्रामपंचायतींनी व पुणे जिल्हा परिषदेने याविषयी ठराव केले होते. नावात इतिहासाचा सन्मान आहे याबद्दल दुमत नाही. नावाबरोबर रस्ता, रुग्णालय व पाणीही मिळावे, ही अपेक्षा मात्र नामांतराने पूर्ण होणारी नाही.

अन्य देशांशी तुलना

परंपरागत व निवडून आलेले नेतृत्व शेजारी शेजारी नांदण्याची स्थिती जगात इतरत्रही आढळते. नायजेरियात योरुबा प्रदेशातील ओबा व उत्तरेकडील अमीर यांना १९९९ च्या राज्यघटनेने शासनाचे औपचारिक अधिकार दिलेले नाहीत. तरीही जमिनीचे व घरगुती वाद त्यांच्याकडे नेले जातात आणि निवडणुकीपूर्वी उमेदवार त्यांच्या भेटीस जातात. भोर-वेल्ह्यात राजा व वतन दोन्ही कायद्याने संपले असल्याने परंपरेचा अधिकार एका व्यक्तीत न राहता गावकीसारख्या समूहात राहिला, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

सद्यस्थिती

शिक्षण, स्थलांतर व भ्रमणध्वनी यांमुळे गावकीचे स्वरूप बदलत आहे. बैठकीचा निरोप पूर्वी दवंडीने दिला जाई, आता व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, आणि मुंबईतील तरुणही तेथे आपले मत मांडतो. ग्रामसभेचे इतिवृत्त व ग्रामपंचायतीचा जमाखर्च माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) मागता येतो. त्यामुळे हिशेब विचारणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा अवमान, ही समजूत सैल होत आहे. जत्रा व सुखदुःखातील साहाय्य गावकीने सांभाळावे आणि अधिकार, निधी व निवडणूक यांचे निर्णय ग्रामसभेत सर्वांसमक्ष व्हावेत, अशी विभागणी तरुण ग्रामस्थांना अधिक मान्य होताना दिसते.