गॅलरी भरली, मैदानाचे काय?

नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारात २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय क्रिकेटचे विश्वविजेतेपद प्रथमच मिळविले. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला आणि निकाल लागला तेव्हा मध्यरात्र झाली होती. तरीही प्रेक्षागार भरलेलेच होते. तीनच दिवसांपूर्वी, ३० ऑक्टोबरला, याच मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार करून भारताने अंतिम फेरी गाठली होती. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांचे त्या विजयातील मोल क्रिकेटरसिकांना सांगावयास नको. या यशाचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या रात्रीचा आणखी एक विशेष होता व तो काहीसा दुर्लक्षित राहिला. महिलांचा सामना पाहण्यासाठी सुमारे चाळीस हजार माणसे नवी मुंबईत एकत्र आली होती. ही माणसे आली कोठून? एका रात्रीत ती निर्माण झाली नाहीत, हे उघड आहे.

पन्नास वर्षांचे दुष्टचक्र

महिला क्रिकेटविषयी गेली अनेक दशके एकच प्रश्न विचारला जात होता : हे सामने पाहायला येणार कोण? प्रेक्षक नाहीत म्हणून प्रक्षेपण नाही, प्रक्षेपण नाही म्हणून पुरस्कर्ता नाही, पुरस्कर्ता नाही म्हणून सामने नाहीत; आणि सामनेच नसतील तर प्रेक्षक कोठून येणार? या चक्रात खेळाडूंच्या दोन-तीन पिढ्या भरडल्या गेल्या.

वास्तविक आरंभी लोकांची उदासीनता नव्हती. महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली. संघ अवघे तीन होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढे १९७६ मध्ये वेस्ट इंडीजचा महिला संघ भारतात आला, तेव्हा शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली भारताने पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळविला आणि तो पाहावयास मोठी गर्दी लोटली होती. म्हणजे कुतूहल होते, उत्साहही होता. नव्हते ते सातत्य. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर जवळजवळ पाच वर्षे भारतीय महिलांच्या वाट्याला एकही आंतरराष्ट्रीय सामना आला नाही. संघटना २००६ साली क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, पैशाची अडचण संपली असे वाटले; तरी नोव्हेंबर २०१४ नंतर पुढचा कसोटी सामना खेळण्यासाठी या मुलींना जून २०२१ ची वाट पाहावी लागली. जो खेळ पाच-सहा वर्षे दिसतच नाही, त्याचा चाहता कोण होणार?

या काळात खेळ जिवंत राहिला तो बाजाराच्या बळावर नव्हे. रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करणाऱ्या, शाळांच्या खोल्यांत सतरंजीवर झोपणाऱ्या आणि पदरचे पैसे घालून खेळणाऱ्या मुलींनी तो जगविला. त्यांना आधार दिला तो प्रामुख्याने रेल्वेतील नोकरीने. मुंबईच्या डायना एडलजीपासून मिताली राज आणि हरमनप्रीत कौरपर्यंत अनेकींच्या कारकिर्दीमागे रेल्वे उभी होती. महिना भरला की येणारा पगार आणि खेळासाठी मिळणारी रजा, एवढ्या साध्या गोष्टींवर एका राष्ट्रीय संघाचा पाया उभा राहिला. जाहिरातीच्या झगमगाटात हा पाया दृष्टीआड होतो, म्हणून त्याचे स्मरण करणे आवश्यक आहे.

प्रेक्षक घडविला गेला

२०१७ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताचा अंतिम सामना अवघ्या ९ धावांनी गेला आणि देशाचे लक्ष प्रथमच या संघाकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक मंडळाने महिला व पुरुष खेळाडूंच्या सामना-मानधनात समानता जाहीर केली. त्यानंतर डिसेंबरात नेरुळला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वीस षटकांचे सामने झाले, त्यांना प्रवेश विनामूल्य होता. ११ डिसेंबरचा सामना बरोबरीत सुटला आणि जादा षटकात भारताने तो जिंकला, तेव्हा मैदानात चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. संयोजकांनाही या गर्दीने काही शिकविले असले पाहिजे. दार उघडे असले, स्थानक जवळ असले आणि खेळ चुरशीचा असला, की घरातील आई, आजी आणि शाळकरी मुलगी यांसह अख्खे कुटुंब मैदानात येते.

या अनुभवानंतर व्यापार आला. जानेवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पाच संघांची मालकी लिलावात ४६६९.९९ कोटी रुपयांना गेली. पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना विकले गेले. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपये मोजले. ४ मार्च २०२३ रोजी पहिला सामना झाला तो नेरुळलाच, आणि त्या पहिल्या हंगामातही महिला व मुलींना प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला होता. २०२५ च्या विश्वचषकाची तिकिटे पहिल्या टप्प्यात शंभर रुपयांपासून विक्रीस आली, आणि त्या स्पर्धेची एकूण पारितोषिके १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलरची होती; पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषकाची १ कोटी डॉलरची होती. चौथ्या हंगामाची सुरुवात जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा नेरुळमधूनच झाली.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मोफत, मग स्वस्त, मग मोलाचे. विक्रयकलेच्या दृष्टीने यात नवीन काही नाही. साबणाची नवी वडीही प्रथम अशीच वाटली जाते. परंतु साबण आणि खेळ यांत एक मोठा फरक आहे. साबण कारखान्यात तयार होतो, खेळाडू गल्लीत आणि मैदानात तयार होतो. जाहिरातदार ग्राहक निर्माण करू शकतो, पण खेळाडू निर्माण करू शकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. विश्वचषकाच्या मूळ कार्यक्रमात नवी मुंबईचे नाव नव्हते. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडागाराबाहेर एका संघाच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर तेथील सामने नेरुळला हलविण्यात आले. लोकप्रियता पेटविणे सोपे असते. ती सांभाळण्याची व्यवस्था उभारणे कठीण असते. हा धडा केवळ गर्दीपुरता मर्यादित नाही.

बर्फावरचा धडा

अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. हा मूळचा थंड मुलखातला, गोठलेल्या तळ्यांवरचा खेळ. १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लीगमध्ये १९६७ पर्यंत सहाच संघ उरले होते. त्या वर्षी ते एकदम बारा झाले आणि ज्या शहरांत बर्फ पडत नाही अशा शहरांकडे लीगने मोर्चा वळविला. १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्की हा सर्वश्रेष्ठ खेळाडू कॅनडातील एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला गेला. हॉकीवरील एका बालचित्रपटाला यश मिळताच १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने अनाहाइम येथे त्याच चित्रपटाच्या नावाचा संघ उभा केला. विक्रयकलेचा याहून मोठा आविष्कार सापडणे कठीण!

परंतु सर्वत्र हे साधले नाही. अटलांटा शहराने आपला संघ एकदा नव्हे, दोनदा गमावला : १९८० मध्ये तो कॅलगरीला गेला, २०११ मध्ये विनिपेगला. ॲरिझोनाच्या वाळवंटात १९९६ पासून असलेला संघ शेवटी एका विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या छोट्या प्रेक्षागारात खेळू लागला आणि २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला निघून गेला. मात्र त्याच ॲरिझोनात, त्या संघाचे सामने पाहत आणि तेथील कृत्रिम बर्फाच्या मैदानांवर सराव करीत वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज २०१६ च्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. संघ गेला, जाहिरातीचे फलक उतरले. मुलांसाठी झालेली मैदाने मात्र फळ देऊन गेली.

महिलांच्या आइस हॉकीची कथाही आपल्याला ओळखीची वाटेल. कॅनडातील महिलांची लीग २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडली. जानेवारी २०२४ मध्ये नवी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि एप्रिलमध्ये माँट्रियलच्या एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. प्रेक्षक तेथेही पूर्वीपासूनच होते. त्यांना नीट निमंत्रण देणारे कोणी नव्हते.

कबड्डीचा अनुभव

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. २०१४ मध्ये व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवर तिला अपूर्व प्रतिसाद मिळाला. तो केवळ प्रकाशझोत आणि रंगीत गणवेशांमुळे मिळाला असे म्हणणे म्हणजे महाराष्ट्रातील गावोगावच्या मंडळांवर अन्याय आहे. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत, लालबाग-परळच्या चाळींत वर्षानुवर्षे माती खणून मैदान तयार करणाऱ्यांनी त्या लीगची पूर्वतयारी करून ठेवली होती. परंतु याच लीगच्या जोडीने २०१६ मध्ये महिलांच्या तीन संघांची स्पर्धा भरविण्यात आली, ती मात्र पुढच्या वर्षी चालू राहिली नाही. गावोगावी मुली कबड्डी खेळत होत्या, आजही खेळतात. पण बाजाराने एकदा डोकावून पाहिले आणि दार लावून घेतले. बाजाराचा स्वभावच असा असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तसेच त्याच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही.

घणसोलीचा भूखंड

मग भरवसा कशावर ठेवावयाचा? याचे उत्तर नवी मुंबईतच, नेरुळपासून थोड्याच अंतरावर शोधावे लागते. हे शहर आपोआप वाढलेले नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ते कागदावर आखले आणि मग जमिनीवर उतरविले. येथील गावकऱ्यांच्या शेतजमिनी संपादन करताना सार्वजनिक हित हेच कारण सांगितले गेले. त्या सार्वजनिक हितात शाळा आल्या, उद्याने आली, मैदानेही आली. घणसोली येथे सुमारे वीस एकर जमीन २००३ मध्ये शासकीय क्रीडासंकुलासाठी राखून ठेवण्यात आली. संकुल मात्र झाले नाही. पुढे त्या जमिनीचा काही भाग निवासी व व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकाला देण्यात आला आणि २०२१ मध्ये शासनाने क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर नेण्याचा निर्णय घेतला. वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई शाखेने त्याविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

ज्या शहराच्या एका उपनगरात महिला क्रिकेटने हजारोंची मने जिंकली, त्याच शहराच्या दुसऱ्या उपनगरात मुलामुलींच्या वाट्याचे मैदान वाचविण्यासाठी नागरिकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. या विसंगतीचा विचार झाला पाहिजे. घणसोलीची एखादी मुलगी नेरुळचा सामना पाहून भारावून घरी परतली, तर दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन तिने जावयाचे कोठे? सरावासाठी तिने माणगावला जावे, अशी का अपेक्षा होती?

मागणी कशाची?

लीगच्या मालकांनी आणि क्रीडासंस्थांनी समाजकार्य करावे असा येथे आग्रह नाही. त्यांनी आपला व्यवसाय सचोटीने करावा, खेळाडूंना योग्य मोबदला द्यावा, स्वस्त तिकिटांची प्रथा चालू ठेवावी, एवढे पुरे. गर्दी जमू लागली म्हणून शंभराचे तिकीट हजारावर नेण्याचा मोह त्यांना होईल. तो आवरला नाही तर ज्या शाळकरी मुलींनी आज गॅलरी भरली, त्या उद्या पडद्यासमोर बसतील, हे त्यांनीही ओळखले पाहिजे.

खरी जबाबदारी आहे ती शासनाची, महापालिकेची आणि शाळांची. मैदानाचे आरक्षण ही पुढे-मागे विकता येणारी शिल्लक जमीन नव्हे, हे नियोजनकारांनी एकदा मान्य केले पाहिजे. जी मैदाने आहेत तेथे सायंकाळचा काही वेळ मुलींसाठी राखून ठेवणे, दिव्यांची व स्वच्छतागृहांची सोय करणे, यासाठी शेकडो कोटी लागत नाहीत. आपल्या शाळांत खेळाचा तास हा बहुधा मागे पडलेल्या गणिताच्या किंवा इंग्रजीच्या अभ्यासक्रमासाठी राखीव असल्यासारखा वापरला जातो. शिक्षकवर्गाला याची जाणीव नाही असे नाही. परंतु परीक्षेच्या निकालाचा हिशेब मागणारे पुष्कळ आहेत, खेळाच्या तासाचा हिशेब कोणीच मागत नाही. पालकांनीच तो मागण्यास आरंभ केला पाहिजे.

२०२५ च्या विजयाने ‘पाहायला कोण येणार?’ या जुन्या प्रश्नाचे उत्तर निर्विवादपणे दिले आहे. आता प्रश्न बदलला आहे : खेळायला जागा कोण देणार? त्याचे उत्तर लिलावाच्या सभागृहात मिळणार नाही. न्यायालयाने घणसोलीचे मैदान कागदावर वाचविले आहे. ते जमिनीवर उतरवून तेथे मुलींना खेळताना पाहण्याचे काम शासनाचे आणि जागरूक नागरिकांचे आहे.