रिंगणाबाहेरचा शिक्षक

रिंगणाच्या कडेला तिपाईवर मोबाइल, त्याखाली स्वाराच्या मागोमाग आपोआप वळणारी फिरती बैठक आणि स्वाराच्या कानात ब्लूटूथ. दुरून घोडेस्वारी शिकायला एवढं सामान पुरतं. शिक्षक दुसऱ्या देशात पडद्यासमोर बसलेला. 2020 च्या टाळेबंदीत युरोप-अमेरिकेत या शिकवण्या फोफावल्या आणि नंतरही टिकल्या. कारण जवळपास तबेला असतो, चांगला शिक्षक असतोच असं नाही.

अडचण मुळातच आहे. चित्र आणि आवाज किंचित उशिरा पोहोचतात. घोड्याचा मागचा पाय जमीन सोडत असतानाच पोटरीचा इशारा मिळाला, तर तो पाय पोटाखाली जास्त पुढे येतो. पायावर भार आल्यानंतरचा इशारा वाया जातो. दुडकीत ही संधी निमिषमात्र असते, शिक्षकाने ‘आता!’ म्हणेपर्यंत पाऊल पडून गेलेलं असतं. म्हणून जाणता शिक्षक काम उलटं सोपवतो: आतला, म्हणजे रिंगणाच्या मधल्या बाजूचा, मागचा पाय उचलला की ‘आता’ तूच म्हण. नंतर चित्रफीत सावकाश फिरवून दोघं पडताळतात. यातही चोरवाट आहे. दुडकीत बाहेरचा खांदा आणि आतला मागचा पाय जोडीनं पुढे जातात, त्यामुळे खांद्याकडे हळूच बघूनही उत्तर देता येतं. मग नजर समोर ठेवायला लावतात. पाय मांडीखाली, खोगिरातून कळला पाहिजे. रिंगणात उभं राहून अखंड ओरडणाऱ्या शिक्षकांची या उशिराने चांगलीच जिरवली, असं मला वाटतं.

जबरदस्तीऐवजी नेमक्या वेळी इशारा देण्यामागचा विचार जुना आहे. बळजबरीने करवलेल्या हालचालीत ना समज असते ना डौल, हे ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच मांडलं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ला गेरिनिएर या अश्वशिक्षकाने ‘खांदा आत’ हा व्यायाम घडवला: घोडा भिंतीलगत चालतो, पण खांदे थोडे आत घेऊन. कॅमेरा बाजूला ठेवला तर यातलं काहीच कळत नाही. तो भिंतीच्या टोकाला, समोरून लावला तरच पायांच्या तीन रेषा दिसतात.

पट्ट्याने तोंड आवळलेला घोडा ‘शांत’ दिसतो, तेही पडद्यावर सहज खपून जातं. म्हणून तासाआधी नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून दाखवायला सांगावं. स्पर्धांमध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2025 पासून त्यासाठी मोजपट्टीच आणली आहे.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये ला गेरिनिएरचीच शिकवण आजही चालते. तिथे नवा विद्यार्थी दीर्घकाळ लांब दोरीवरच्या घोड्यावर, हातात लगाम नाही, पायांत रिकीब नाही, असा बसून मांड पक्की करतो. दोरीचं दुसरं टोक शिक्षकाच्या हातात. हे मोबाइलवरून होत नाही. त्यामुळे मांड पक्की नसलेल्याला दूरस्थ तास देऊ नये. आधी जवळचा कुणीतरी दोरी धरणारा शोधायला सांगावं.