‘नोवुस्’ : एका लॅटिन विशेषणाचीं रूपें

संस्कृत ‘नव’ आणि लॅटिन ‘नोवुस्’ हीं एकाच आदिभाषेचीं अपत्यें. दोहोंचा अर्थही एकच, नवा. पुल्लिंगीं ‘नोवुस्’, स्त्रीलिंगीं ‘नोव’, नपुंसकलिंगीं ‘नोवुम्’. अन्त्य ‘अ’ संस्कृताप्रमाणें स्पष्ट उच्चारावयाचा. रोमन प्रजासत्ताकाच्या काळीं तर ‘नोवोस्, नोवोम्’ असेंच लिहीत. शेजारीं ‘नवस्, नवम्’ ठेवल्यास नातें सांगावें लागत नाहीं.

मराठींत नवा घोडा, नवी गाडी, नवें घर हा लिंगभेद टिकला. परंतु नामास विभक्ति लागली कीं नव्या घोड्यास, नव्या गाडीस, नव्या घरास, असें एकटें ‘नव्या’ उरतें. लॅटिन विशेषणास ही सवलत नाहीं. विभक्तीचें ओझें त्यानें नामाबरोबर स्वतः वाहावयाचें. संबोधन धरून सहा विभक्ति, तीन लिंगें व दोन वचनें मिळून ३६ स्थानें होतात. लेखनांत मात्र रूपें अवघीं १३. ‘नोवी’ हें पुल्लिंगी षष्ठीचें एकवचन, आणि प्रथमेचें अनेकवचनही तेंच. तेव्हां विद्यार्थ्याची खरी अडचण पाठांतराची नसून ओळखण्याची आहे.

दुसरी अडचण मेळाची. विशेषण नामाच्या लिंगाशीं जुळतें, अन्त्याक्षराशीं नव्हे. ‘नौत’ म्हणजे खलाशी. शब्द दिसावयास स्त्रीलिंगी, पण ‘नौत नोवुस्’ असेंच म्हणावयाचें. उलट ‘पीनुस्’ हा पाइन वृक्ष स्त्रीलिंगी, म्हणून ‘पीनुस् नोव’. ‘नवा माळी’ आणि ‘नवी शाळा’ म्हणतांना मराठी मूल अडखळत नाहीं. त्याला हें नवल वाटूं नये.

या मेळाची खरी किंमत वाक्यांत कळते. नोव्हेंबर १५७२ मध्यें डेन्मार्कचा ज्योतिषी टायको ब्राही यास शर्मिष्ठेंत अपरिचित तारा दिसला. त्यावरील त्याचा ग्रंथ १५७३ सालीं निघाला. लांबलचक नांवाच्या आरंभीं ‘दे’, म्हणजे ‘विषयीं’, हें अव्यय आहे. त्याच्या योगानें ‘नोव’चें पंचमीरूप दीर्घान्त ‘नोवा’ होतें. ज्याचें तें विशेषण, तो ‘स्टेल्ला’ म्हणजे तारा मात्र मध्यें सहा शब्द सोडून येतो. इतक्या अंतरावरून दोघांस बांधून ठेवतो तो केवळ प्रत्यय. त्या सहांत ‘मेमोरिआ’, म्हणजे स्मृति, हें त्याच लिंगाचें व विभक्तीचें नामही आहे. त्यास ओलांडून ‘नोवा’ ताऱ्याशींच जोडावयाचें, हें प्रत्यय सांगत नाहीं, अर्थ सांगतो.