झाडागणिक वेगळा गूळ

डोंगरकडा गावात वैशाखातला स्वयंपाक उन्हं वर यायच्या आत उरकतात. नांदेडकडून येताना अर्धापूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसू लागतात. इसापूर धरणाच्या कालव्यांनी हा पट्टा केळीचा आणि उसाचा केला. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, बागेच्या कडेची शेवरी गरम वारा अंगावर घेते. या दिवसांत घरातल्यांचं लक्ष मात्र केळीकडे नसतं, बांधावरच्या आंब्याकडे असतं. केळी बारमाही. आंबा होळीपासून मृगापर्यंतचा, आणि तेवढ्या काळात स्वयंपाकघरात त्याची नाना रूपं होतात.

होळीनंतर वाऱ्यानं गळालेल्या कैऱ्यांत अजून कोय नसते. त्या तिखट-मिठाला लावून पोरंच संपवतात. कैरी जरा भरली की तक्कू सुरू होतो. कैरी आणि कांदा किसायचा, मीठ, तिखट, गुळाचा खडा, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. फोडणीतली हळद याच मातीतली. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या घरांना तिचा रंग आणि वास पिढ्यांपासून ठाऊक आहे. तक्कू धपाट्याबरोबर खावा, ज्वारीच्या भाकरीबरोबर तर खावाच. तो पितळेच्या भांड्यात ठेवत नाहीत, कळकतो.

पन्ह्याची कैरी आणखी थोरली लागते, कोय जाळी धरू लागलेली. बहुतेक घरांत ती उकडतात. जिथं चूल अजून पेटते तिथं रात्रीची भाकरी झाल्यावर कैऱ्या आरात पुरतात. साल काळी पडून फुगते, देठाशी रस उकळून बाहेर येतो, तेव्हा ती झाली. गर बोटांनीच सुटतो आणि त्याला धुराचा मंद वास असतो. उकडलेल्या कैरीला तो येत नाही. मला भाजलेलीचंच पन्हं आवडतं, आणि हा पक्षपात मी सोडणार नाही. गूळ किती, हे विचारलं तर उत्तर सरळ मिळत नाही. "आधी जिभेला लाव, मग गुळाला हात घाल," असं मला इथल्या एका आजींनी सांगितलं. साधारण गराच्या दुप्पट गूळ धरतात, पण आजी बोटभर गर चाखतात, क्षणभर थांबतात आणि मग खडा फोडतात. मीठ, जिरेपूड, वेलची पडते आणि माठातलं पाणी. घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि गूळ एकाच पेल्यात मिळतात.

आजींना चाखून बघावं लागतं, कारण गावरान आंबा कोयीपासून उगवलेला असतो. कलमाचा केसर कुठंही लावा, झाडाचा वाण तोच. कोयीचं झाड मात्र आईसारखं निघेलच असं नाही. प्रत्येकाचा आंबटपणा, रेषा, वास वेगळा. म्हणून तर त्यांना नावं पडली. तांबूस खांद्याचा शेंदऱ्या, खोबऱ्यासारख्या चवीचा खोबऱ्या, शेपूचा वास मारणारा शेप्या, बारकी गोल गोटी, आणि कैरी शेवटपर्यंत टणक नि आंबट राहते तो लोणच्या. ज्या बाईला बांधावरची झाडं ओळखता येतात, तिला वजनमापाची गरज पडत नाही. टोपली खाली ठेवताच तिला कळतं, ही पन्ह्याची, ही मेथांब्याची, ही झाकून ठेवायची.

उन्हालाही इथं कामाला लावतात. कैरीचा कीस साखरेत कालवून बरणीत भरायचा, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि गच्चीवर ठेवायचा. रोज संध्याकाळी आत आणून हलवायचा. आठ-पंधरा दिवसांत साखर विरघळून पाक घट्ट होतो, कीस पारदर्शक होतो. या साखरांब्याला विस्तव लागतच नाही आणि कैरीचा ताजेपणा टिकतो.

अक्षय तृतीयेला पितरांना रसाचं जेवण दाखवल्याशिवाय कित्येक घरांत पिकला आंबा तोंडात घालत नाहीत. त्या दिवशीचा रस हाताचा. झेल्यानं उतरवलेले, आढीत पिकलेले आंबे तास-दोन तास पाण्यात. मग तळव्यात फिरवत मऊ करायचे, देठ काढून चिकाचा पहिला थेंब पिळून टाकायचा आणि परातीत रस घ्यायचा. मिक्सरमध्ये गावरान आंब्याच्या रेषा चिरडून रस गुळगुळीत होतो खरा, पण हातानं पिळलेल्या रसाच्या गुठळ्या जिभेला लागायला हव्यात. वर तूप, सुंठीची चिमूट, शेजारी तळलेली कुरडई. कोयी-साली धुतलेलं पाणी वाया जात नाही, त्याची गूळ घालून कढी करतात.

ज्या दिवशी आंबा नसतो त्या दिवशी शिकरण. डोंगरकड्याचं केळ त्यासाठी जगात कुठल्याही केळ्याला हार जाणार नाही, पण उन्हाळ्यात ते डोळ्यांना फसवतं. बागांमधला ग्रँड नैन फार उष्णतेत पिकला तर सालीतला हिरवेपणा पुरता जात नाही. आतला गर गोड नि मऊ झालेला असतो, वरून फणी कच्ची दिसते. परगावचं गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. इथल्या बायका देठाजवळ अंगठ्यानं दाबतात आणि उचलतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवत नाहीत, थंडीनं साल काळी पडते. चकत्या, गार दूध, थोडी साखर, वेलची; आणि ताटं मांडल्यावरच करायचं, आधी करून ठेवलं तर पाणी सुटतं.

बांधावरची जुनी झाडं आता विरळ झाली आहेत. पाणी आल्यावर सावली पिकाला जड वाटू लागली, वाटण्यांमध्ये बांधच राहिले नाहीत. एक शेंदऱ्या तुटला की तो रस परत मिळत नाही, हे मला फार लागतं. कोय लावून तो येणार नाही, ते नवंच झाड असेल. त्याला वाचवायचं तर कलमच करावं लागतं, आणि त्याचे दिवसही हेच. रस झाल्यावर कुठल्याही गावरान आंब्याच्या कोयी महिनाभर कोरड्या पडू द्यायच्या नाहीत, नाहीतर उगवत नाहीत. पहिल्या पावसात त्या रुजतात, दोनेक आठवड्यांत तांबूस कोंब येतो. त्या कोवळ्या कोंबावर शेंदऱ्याची, तीन-चार महिन्यांची जून काडी पाचरीसारखी बसवून पट्टी बांधायची. काडी जुनी झाडं उभी आहेत तोवरच मिळेल, म्हणून यंदाच्या पावसात बांधलेली बरी.