ब्रह्मगिरि : एक डोंगर, दोन समुद्र

नाशिकच्या मुलांस गोदावरी ठाऊक असते ती रामकुंडाची. परंतु ती जेथें उगम पावते तो त्र्यंबकचा ब्रह्मगिरि फार थोड्यांनीं पायांखालीं घातलेला असतो. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें १,२९५ मीटर उंच आहे. येथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरांच्या आसपास. तरीहि गोदावरी त्यास पाठ देऊन सुमारें १,४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. वैतरणा मात्र याच त्र्यंबकच्या डोंगरांत जन्म घेऊन पश्चिमेस जाते. पावसाचा थेंब कोणत्या अंगास पडला, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो!

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून शिलारस वाहिला व निवतां निवतां थरावर थर बसले. यांतील कांहीं थर घट्ट, तर कांहीं सच्छिद्र व भेगाळ आहेत. पाणी भेगांतून मुरतें, आणि खालीं घट्ट थर लागला कीं आडवें वळून कड्यांतून झरूं लागतें. गोदावरी माथ्यावर दिसते, लोपते, गंगाद्वारीं पुन्हां दिसते, आणि गौतम ऋषींनीं दर्भानें अडविल्यावर कुशावर्तांत स्थिरावते, अशी पुराणकथा आहे. हें लपणें व प्रकटणें या पाषाणाच्या स्वभावाशीं इतकें जुळतें कीं, कथा रचणारांनीं डोंगर बारकाईनें न्याहाळला असावा असें मला वाटतें.

माथ्यावर त्र्यंबकगड होता. मोरोपंत पिंगळ्यांनीं तो इ. स. १६७० मध्यें मोगलांकडून घेतला, व १८१८ च्या एप्रिलांत तो इंग्रजांच्या हातीं गेला. कातळांत खोदलेल्या पायऱ्या अद्याप आहेत. पायथ्याच्या गांवीं संत निवृत्तिनाथांची समाधि असून पौष वद्य एकादशीस वारकऱ्यांची यात्रा भरते. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं लोक सबंध डोंगरास प्रदक्षिणा घालतात.

ही प्रदक्षिणा घालणारांनीं पायथ्याकडेहि पाहावें. इ. स. २०२१ मध्यें तेथें यंत्रें लावून डोंगर पोखरल्याचें उघडकीस आलें, व नाशिकच्या निसर्गप्रेमी मंडळींनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. तक्रार केवळ शोभेची नव्हती. उतारावरील माती व मुरूम पावसाचें पाणी धरून ठेवतात आणि तें हळूहळू खालच्या भेगांस पोंचवितात. ते गाड्यांत भरून नेले, तर आषाढाचें पाणी आषाढांतच वाहून जाईल, आणि चैत्रांत झऱ्याखालीं धरलेली घागर भरावयास अर्धा दिवस लागेल.